एकीच्याच उपयोगाची चोरी

१

स्टीलचा डबा जागेवर होता. बूच घट्ट बसवलेलं होतं आणि ते काढल्यावर आतून नायट्रोजनचा पांढरा धूर नेहमीसारखाच वर आला. डब्यात दोन पेशंटांच्या लसी गोठवून ठेवल्या होत्या. तिरोड्याच्या शालीकराम गुरुजींच्या तीन कुप्या आपल्या कप्प्यात व्यवस्थित होत्या. कामठ्याच्या दुलारीबाई बिसेन यांचा कप्पा मात्र रिकामा होता.

सिस्टर दिव्या मडावीने दोनदा पाहिलं आणि मग डॉक्टरांना बोलावलं. दुलारीबाईला पहिला डोस त्याच सकाळी द्यायचा होता. ती बिचारी नवी साडी नेसून कॉटवर तयार बसली होती.

गोंदियातल्या त्या कॅन्सर हॉस्पिटलचे ट्रस्टी शिवलालजी कटरे यांनी पोलिसांना फोन केला नाही, टेकचंद टेंभरे यांना केला. टेकचंद रेल्वेच्या क्लेम्स खात्यातून रिटायर झालेले. कुठलं पार्सल कुठे हरवलं आणि चूक कोणाची, हे शोधण्यात त्यांची उभी हयात गेली होती. माणसांपेक्षा त्यांना पोती जास्त कळतात, असं त्यांची बायको म्हणे, आणि त्यात फारसं चूक नव्हतं. शिवलालजी त्यांचे शाळेतले सोबती होते.

"देखो टेकचंद भाऊ," शिवलालजी म्हणाले, "पुलिस आली की पेपरात येते. पेपरात आलं की ही नवी लस द्यायची परवानगी गेली समजा. दुलारीबाईचंही गेलं आन् गुरुजीचंही गेलं. तुम्ही गुपचूप पाहा."

टेकचंद डब्यापाशी उकिडवे बसले. बूच हाताने काढून पाहिलं, पुन्हा बसवलं.

"डॉक्टर, ह्या कुप्या विकल्या तर काय येईल?"

"काहीच नाही," डॉ. दुर्गेश हरिणखेडे म्हणाले. रात्रभर ड्यूटी केलेला तो तरुण माणूस भिंतीला टेकून उभा होता. "ही लस जगात फक्त एका बाईच्या उपयोगाची आहे. दुसऱ्या कोणाला टोचली तर फायदा शून्य."

टेकचंदने मान हलवली. क्लेम्समध्ये त्यांनी चोरीला गेलेलं लोणचं पाहिलं होतं, चपला पाहिल्या होत्या, एकदा तर लग्नाचं बाशिंग पाहिलं होतं. प्रत्येकाला गिऱ्हाईक होतं. ह्या मालाला गिऱ्हाईकच नव्हतं. असा माल उचलणारा एक तर मूर्ख असतो, नाहीतर त्या मालाविषयी त्याला असं काही ठाऊक असतं, जे मालकालाही ठाऊक नसतं.

त्यांनी त्या घट्ट बसवलेल्या बुचाकडे पुन्हा पाहिलं. हे मूर्खाचं काम नव्हतं.

२

"मला आधी लस समजावून सांगा," टेकचंद डॉक्टरांच्या खोलीत बसून म्हणाले. "मॅट्रिकच्या पोराला सांगता तशी."

डॉक्टरांना हे काम आवडत असावं, कारण त्यांची झोप उडाली. दुलारीबाईच्या छातीतली गाठ ऑपरेशनने काढली होती. पण अशा आजाराच्या चार पेशी अंगात कुठेतरी दडून बसतात आणि पुढे डोकं वर काढतात. अंगातले पहारेकरी त्यांना ओळखत नाहीत, आपलेच समजून सोडून देतात. म्हणून रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी बाहेर काढायच्या, नागपूरच्या लॅबमध्ये त्यांना त्याच गाठीचे तुकडे दाखवायचे, हा चोर ओळखून ठेवा म्हणून शिकवायचं आणि शिकवून तयार झाल्यावर अंगात परत सोडायचं.

"म्हणजे रेल्वे पोलिसांच्या कुत्र्याला चोराचं फडकं हुंगवतात तसं," टेकचंद म्हणाले.

"तसंच. फक्त कुत्रा घरचाच पाहिजे. दुसऱ्याचा कुत्रा आणून सोडला तर घरचे कुत्रे आधी त्यालाच फाडतात. चोर राहतो बाजूला आणि अंगात नुसता दंगा होतो. दुलारीबाईसारख्या कमजोर बाईला तो झेपणारही नाही."

"आणि कुप्या मिळाल्याच नाहीत तर?"

"अर्धी गाठ नागपूरला राखून ठेवली आहे. पुन्हा रक्त घेऊन पुन्हा लस करता येईल. पण एकदाच. त्यानंतर गाठ संपली. वेळही जातोय, टेंभरेजी. दडलेल्या पेशी आपल्यासाठी थांबून राहत नाहीत."

म्हणजे दुलारीबाईच्या हातात आता एकच संधी उरली होती. तीही वाया गेली तर विषय संपला. टेकचंदने ते मनात नीट बसवून घेतलं.

"घरच्यांना हे सगळं माहीत आहे?"

"परवाच दोघी बहिणींना बसवून सांगितलं, मोठी दुलारी आणि धाकटी उर्वशी. सख्ख्या बहिणी, दोघा सख्ख्या भावांना दिलेल्या. अर्ध्या गाठीचंही सांगितलं." डॉक्टर हसले. "लोक काय काय विचारतात. उर्वशीबाई म्हणाली, बहिणीचं रक्त चालत नाही का? मी म्हटलं, बाई, हे काय ऑपरेशनचं बदली रक्त आहे का, कोणीही दिलं तरी चालायला? सगळे हसले."

"उर्वशीबाईही?"

डॉक्टरांनी आठवून पाहिलं. "तिचं काही लक्षात नाही."

"डब्यातून बाहेर काढली तर कुपी किती टिकते?"

"काही मिनिटं. मग वितळते आणि संपली. तिला तेवढीच थंडी लागते. अख्ख्या गोंदियात अशी थंडी आमच्याशिवाय कोणाकडे नाही."

कोणाकडे नाही, असं लोक खात्रीने सांगतात, तेव्हा शोधायला सुरुवात करायची असते, असा टेकचंदचा अनुभव होता.

३

दिव्या मडावी सालेकशाकडची, कामाला वाघ आणि बोलायला तिखट. शिवलालजींनी तिला तोंडी सांगून टाकलं होतं की संध्याकाळपर्यंत कुप्या मिळाल्या नाहीत तर उद्यापासून येऊ नकोस. ती खुर्चीत ताठ बसली होती.

"डबा ठेवलेल्या औषधखोलीची चावी कुठे असते?"

"माझ्या टेबलामागच्या खिळ्याला. अन् ते सगळ्या वॉर्डाला माहीत आहे. रात्री कोणी अत्यवस्थ झालं, तर चावी शोधत बसायचं का? शिवलालजीलाही माहीत आहे. विचारा त्यांना."

डबा आदल्या दिवशी दुपारी आला होता. नागपूरहून तो गाडीने आणणारा पिंटू नावाचा ड्रायव्हर डबा उतरवून, चहा पिऊन परत गेला होता. रात्री दिव्याने झोपायच्या आधी मोजणी केली तेव्हा कुप्या सहाच्या सहा होत्या. पिंटूचा प्रश्न तिथेच मिटला. जे झालं ते पहाटे, वॉर्ड जागा होत असताना. त्या वेळी पेशंटांची माणसं गरम पाण्यासाठी ये-जा करतात आणि सिस्टर इंजेक्शनं देत फिरत असतात.

"लसीसाठी रक्त तुम्हीच काढलं होतं?"

"मीच. तीन-चार तास मशीनवर होत्या बाई. एका हातातून रक्त बाहेर येतं, पांढऱ्या पेशी बाजूला होतात, बाकीचं दुसऱ्या हातातून परत जातं." दिव्याचा चेहरा जरा सैल झाला. "त्या दिवशी कसल्या नसा होत्या, दोरीसारख्या. दोन्ही हातांत पहिल्या फटक्यात सुई. मधे ओठांना मुंग्या आल्या त्यांच्या, घाबरल्या. मशीनमधल्या औषधाने येतात सगळ्यांनाच. कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, थांबलं. आज मात्र सलाइन लावायला गेली तर नसच सापडेना. चार जागी टोचलं बिचारीला."

"त्या दिवशी चेहरा पाहिला होता?"

"मास्क होता, डोक्यावर पदर होता. कार्ड पाहिलं. दुलारी बिसेन. अजून काय पाहायचं असते, काकाजी?"

टेकचंद तिथून दुलारीच्या कॉटकडे गेले. दुलारी वाळून काडी झालेली, पण नजर गमतीदार. कॉटच्या पायथ्याशी उर्वशी बसली होती, बहिणीचीच नाकडोळ्यांची ठेवण, फक्त अंगाने भरलेली. बहिणीच्या पायांना तेल चोळत होती. तिच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना पांढरट फोड आले होते.

"बोटाले काय झालं, बाई?" टेकचंदने विचारलं.

"तव्याचा चटका लागला," उर्वशी म्हणाली आणि बोटं पदराआड गेली.

"घरी गेली होती का?"

"कुठं जातो, भाऊ. चार-पाच दिस झाले, बाईजवळच आहो."

पेशंटांच्या माणसांसाठी बांधलेल्या शेडमध्ये चूल पेटवायला मनाई आहे, असा मोठा फलक टेकचंदने येतानाच वाचला होता. त्यांनी तो विषय सोडून दिला. "मंग जेवन?"

"माहा मालक रोज सकारी डबा आनून देते. ओमेश. डेअरीकडून गाई-म्हशीले इंजेक्शन द्याचं काम करते, बीज भराचं. कामठ्याकडं वापस जाता जाता गाडी फाटकाजवळ लावते, वर येऊन डबा देते आन् जाते."

"आजबी आला होता?"

"हो. चहा घेतला शेडमधे गुरुजीच्या घरच्याईसोबत. आमचं सगड्याईचं जेवन संगच असते."

टेकचंद दुलारीकडे वळले. "अन् दुलारीबाई, त्या मशीनवर लय तरास झाला म्हनते सिस्टर. ओठाले मुंग्या आल्या म्हने."

दुलारीने उर्वशीकडे पाहिलं, मग टेकचंदकडे. "ओठाले? ओठाले काई नाई झालं, भाऊ. आता तोंडाले चव नाई एवढंच."

उर्वशीचा तेलाचा हात थांबला होता. बहिणीला काही कळायच्या आत तो पुन्हा फिरू लागला.

४

कामठ्याच्या वाटेवर धानाच्या बांध्या कापून मोकळ्या झाल्या होत्या आणि त्यांत लाखोरीच्या डाळीचं पीक उगवून आलं होतं. शिवलालजींच्या गाडीत मागे बसलेले टेकचंद बाहेर पाहत होते, पण डोकं डब्यात होतं.

ज्याला दुलारीचं वाईट करायचं होतं, त्याला कुप्या न्यायची गरजच नव्हती. बूच काढून ठेवलं असतं तर नायट्रोजन उडून गेला असता आणि काम झालं असतं. पण मग शालीकराम गुरुजींच्या कुप्याही गेल्या असत्या. चोराने बूच नीट बसवलं. म्हणजे गुरुजींचं नुकसान त्याला नको होतं. डबा हाताळायचा कसा, ते त्याने कुठेतरी पाहिलेलं होतं. आणि गोंदियात तेवढीच थंडी आणखी कुठे असते, हे डॉक्टरांना ठाऊक नसलं तरी गाय पाळलेल्या माणसाला ठाऊक असतं. वळूचं बीजही नायट्रोजनमध्येच ठेवतात.

ओमेश एका गोठ्यात सापडला, हातात कोपरापर्यंत मोजा घातलेला. मोटारसायकलच्या कॅरिअरला गोणपाटात गुंडाळलेला नायट्रोजनचा लहान डबा बांधला होता.

"डबा उघडून दाखवता का?"

"दाखवतो ना. काऊन नाई?" ओमेशने मोजा उतरवला. "सकारपासून दोनदा उघडला. ह्या बाजूच्या कांड्या काढल्या, ती बाजू अजून भरलीच आहे."

त्याने लांब दांडी धरून दुसऱ्या बाजूचं भांडं डब्याच्या तोंडापर्यंत वर घेतलं. वळूच्या बीजाच्या रंगीत कांड्यांमध्ये तीन जाड कुप्या उभ्या होत्या. त्यांच्यावर दुलारी बिसेन असं छापलेलं होतं.

ओमेशने भांडं खाली सोडलं आणि तिथेच शेणात बसला. "माह्या डब्यात? भाऊ, मी काऊन नेईन? वहिनी आहे ते माही. मायसारखी आहे."

टेकचंदने त्याच्या हातांकडे पाहिलं. राकट, काळवंडलेले, पण कुठे फोड नव्हता. ह्या माणसाने कुप्या काढल्या असत्या तर चिमट्याने काढल्या असत्या. त्याच्या बायकोने चिमटा पाहिलेला होता, पण तो तिच्याजवळ नव्हता. साडीचा पदर बोटांना गुंडाळून तिने भागवलं, आणि पदर पातळ पडला; त्या थंडीनेही तव्यासारखेच फोड येतात.

चोर सापडला होता. पण का, ते कळत नव्हतं. जी बाई चार-पाच दिवस बहिणीचे पाय चोळत बसते, ती तिचंच औषध पळवते, आणि पळवूनही तेवढ्याच थंडीत जपून ठेवते, असला क्लेम टेकचंदच्या टेबलावर कधी आला नव्हता.

ओमेशला डब्यासकट सोबत घेऊन गाडी परत गोंदियाला लागली, राइस मिलमधल्या उकडलेल्या उसन्या धानाचा वास नाकात शिरला, आणि तेव्हा टेकचंदला दोरीसारख्या नसा आठवल्या. त्यांनी ड्रायव्हरला गाडी जोरात हाकायला सांगितलं. हॉस्पिटलात शिवलालजींना फोनवर बातमी आधीच गेली होती, आणि उत्साही माणसाच्या हातात सुई फार लवकर येते.

५

वॉर्डाचं लग्नघर झालं होतं. शिवलालजी पेढे मागवायच्या बेतात होते. दिव्याने डोळे पुसून ट्रे मांडला होता. डॉक्टरांनी नायट्रोजनचा डबा ताब्यात घेतला, कुप्यांचं सील पाहिलं, नागपूरला फोन लावला आणि म्हणाले, "थंडी कुठेच तुटलेली नाही. डोस आजच देता येईल."

"डॉक्टर, एक मिनिट," टेकचंद म्हणाले आणि त्यांना घेऊन आतल्या खोलीत गेले. दार लावलं. बाहेर आले तेव्हा डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या होत्या, आणि हातातल्या सिरिंजमध्ये पाण्यासारखं औषध भरलेलं होतं.

"झाली एकदाची चिंता," शिवलालजी म्हणाले. "कोणी नेलं, काऊन नेलं, ते मागून पाहू. द्या डॉक्टर."

दुलारीने दंड पुढे केला. तिला आनंद झालेला दिसत होता. ज्यांच्या नावाने सकाळपासून रडारड चालली होती, त्या कुप्या सापडल्या होत्या. ओमेश दाराशी मान खाली घालून उभा होता. टेकचंदने दुलारीकडे पाहिलं नाही, ओमेशकडेही पाहिलं नाही. त्यांची नजर उर्वशीवर होती.

क्लेम्समध्ये त्यांची एक जुनी पद्धत होती. सापडलेला माल सगळ्यांदेखत प्लॅटफॉर्मवर मांडायचा आणि कोण खूश होत नाही ते पाहायचं.

डॉक्टरांनी कापसाने दंड पुसला. सुई कातडीला टेकणार इतक्यात उर्वशीने त्यांचं मनगट धरलं. फोड आलेल्या बोटांनीच धरलं.

"नोका देऊ," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "ते तिचं नोहे. माहं आहे."

६

शिवलालजींनी खुर्चीसाठी मागे हात केला.

"सिरिंजमध्ये मिठाचं पाणी आहे, बाई," टेकचंद म्हणाले. "कुप्या डब्यातच आहेत. बस तू. मी सांगतो, चुकलं तर दुरुस्त कर."

त्यांनी एकेक गोष्ट समोर ठेवली. लस ज्या रक्तातून झाली, ते देणाऱ्या बाईच्या नसा दोरीसारख्या होत्या. दुलारीच्या नसा औषधांनी केव्हाच बसल्या आहेत. रक्त देणाऱ्या बाईच्या ओठांना मुंग्या आल्या होत्या, घाबरण्याइतक्या. दुलारीला त्या मुंग्यांचा पत्ताच नाही. मशीनवर पडलेली बाई दुलारी नव्हतीच. कार्ड तिचं होतं, मास्क आणि पदराआडचा चेहरा तिच्या बहिणीचा होता.

"आणि परवा डॉक्टरांनी समजावून सांगितलं, तेव्हा हिला कळलं आपण काय करून बसलो. बहिणीचं रक्त चालत नाही का, हा प्रश्न उगाच नव्हता. ती खरंच विचारत होती."

डॉक्टर खाली बघत होते. "आणि मी हसलो," ते म्हणाले.

उर्वशी बोलू लागली ती थांबेचना. ऑपरेशनच्या वेळी रक्त पाहिजे म्हणाले, नातेवाइकाने द्या म्हणाले, तेव्हा तिने दिलं. दुलारीच्या बाळंतपणात कमी पडलं तेव्हाही तिनेच दिलं होतं. दोघींचा गट एकच. दवाखान्यात पेशंटसाठी रक्त लागतं आणि ते घरचं कोणीतरी देतं, हे अख्ख्या जिल्ह्याला पाठ आहे.

"मंग ह्या वेडेस बी म्हनले रक्त द्याचं आहे. बाईले तं उभं राहनं होत नव्हतं. मी म्हटलं, तुहं कार्ड दे, तू शेडमधे बस, मी देऊन येतो. तिच्या अंगातलं काऊन काढू द्याचं? पेशंटच पाहिजे म्हनत होते काउंटरवर, मले वाटलं कागदासाठी म्हनते. आधार कार्डावरचा फोटो तं कोनाचाच कोनासारखा दिसत नाई."

"हो, मीच कार्ड देलं," दुलारी म्हणाली. तिला अजून पूर्ण उमगलं नव्हतं. "त्यात का झालं?"

"मग सांगितलं का नाही?" शिवलालजींचा आवाज चढला. "हमारी सिस्टर की नौकरी जा रही थी."

"सांगितलं असतं तं तुमी बाईले काढून टाकलं असतं. फसवनूक केली म्हनाले असते." उर्वशी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलली. "डॉक्टर म्हनले, अर्धी गाठ आहे, एकदा पुन्हा करता येते. मी इचार केला, दवाखान्यातूनच हरवलं तं दवाखान्यालेच पुन्हा करा लागन. तवा बाई सोता रक्त देईन. सिस्टरचा इचार मी नोहता केला मनात. ते माहं चुकलं."

"फेकून का नाही दिल्या?" टेकचंदने विचारलं. एवढंच त्यांना कळलं नव्हतं.

"फेकाले गेली ना मी मोरीत. हात नाई उठला. बाईची गाठ अन् माहं रक्त, दोनी त्यातच होते." तिने दारातल्या ओमेशकडे मान वळवली. "ह्याईची गाडी खाली उभी होती. रोज पाहतो मी, कसा डबा उघडते ते."

ओमेश दारातूनच म्हणाला, "मले सांगाचं तरी होतं."

"तुमाले खोटं बोलनं जमते का?" उर्वशी म्हणाली, आणि दिव्यालासुद्धा हसू आलं.

प्रश्न उरला तो पुढचा, आणि तो हसण्यासारखा नव्हता. डॉक्टर म्हणाले, जे झालं ते लसीचं काम पाहणाऱ्या वरच्या कमिटीला कळवावंच लागेल, लपवता येणार नाही. कमिटीने नाव काढून टाकलं तर दुलारीसाठी दार बंद.

"कळवा ना," टेकचंद म्हणाले. "पण पुरतं कळवा. माल बुक करताना आत काय आहे ते तपासायची जबाबदारी बुकिंग क्लार्कची असते. रेल्वेने असले क्लेम आयुष्यभर हरलेले मी पाहिले आहेत. बाईने कार्ड दुसरीचं दिलं, ही तिची चूक. तुम्ही मास्क खाली करून चेहरा पाहिला नाही, ही तुमची. आणि हिने कुप्या उचलल्या नसत्या तर आज सकाळी तुम्ही त्या टोचून मोकळे झाला असता. तेही लिहा."

शिवलालजींनी पेढ्यांचा विचार सोडून दिला. डॉक्टरांनी सगळं लिहिलं, आपलं हसणंसुद्धा. दिव्याची नोकरी राहिली, पण शिवलालजींनी तिची माफी मागितली की नाही, ते कोणी पाहिलं नाही. त्या तीन कुप्या नियमाप्रमाणे नष्ट करण्यात आल्या.

उत्तराची वाट पाहण्यात दिवस जाऊ लागले. टेकचंद रोज काहीतरी निमित्त काढून हॉस्पिटलात जात. बायको म्हणाली, क्लेम तर निकालात निघाला, आता काय आहे तिथे. ते तरीही निघाले. शोध संपल्यावर माल पोचतो की नाही, याची काळजी त्यांनी नोकरीत कधी केली नव्हती, आणि आता ती लागली होती.

मग एके दुपारी डॉक्टरांचा फोन आला. परवानगी मिळाली होती, शेवटची.

दुलारीच्या हातात नस सापडली नाही ती नाहीच. मानेच्या बाजूने नळी घालावी लागली. दिव्याने या वेळी मास्क खाली करून चेहरा पाहिला, नाव विचारलं, वडलांचं नाव विचारलं, आणि मगच मशीन चालू केलं. दुलारी डोळे मिटून पडून राहिली. तिला त्रास होत होता आणि तो दिसत होता. टेकचंद दाराशी स्टुलावर बसले होते. उर्वशीला आत येऊ दिलं होतं, फक्त कशाला हात लावायचा नाही या अटीवर.

मशीन बराच वेळ चाललं. मधेच दुलारीने डोळे उघडले आणि बोटाने ओठ चाचपले. दिव्या कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन लगेच आली.

गोळी चघळून झाल्यावर दुलारीने बहिणीकडे पाहिलं. "काऊन वं, एवढ्या मुंग्या येते, भेव लागते. मले घरी आल्यावर सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं," उर्वशी म्हणाली, "तं पुढच्या वेडेस तू मले देऊ देलं असतं का?"

दुलारीने मोकळा हात पुढे केला आणि बहिणीची साल निघालेली बोटं आपल्या छातीवर ओढून घेतली.